मागचे स्पीकर गप्प का? रिसीव्हरवरचे सराउंड मोड निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवा रिसीव्हर (टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन स्पीकरना वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर) घेतला, पाच स्पीकर आणि एक सबवूफर जोडला, माइक ठेवून होणारी आपोआप जुळणीही करून घेतली. आता रिमोटवरचं मोडचं बटण दाबत गेलं की स्टिरिओ, डायरेक्ट, डॉल्बी सराउंड, मल्टी चॅनेल स्टिरिओ, हॉल, स्टेडियम अशी नावं येतच राहतात. मल्टी चॅनेल स्टिरिओवर सगळे स्पीकर दणदणीत वाजतात, डॉल्बीवर मात्र मागचे दोन जवळजवळ गप्प. वर यादीतली नावंही दर वेळी बदलतात. मग रिसीव्हर बिघडलाय का, आणि चित्रपट, गाणी, बातम्या, गेम यांना कोणता मोड लावायचा?

बिघाड बहुधा नाही. तुमचं वर्णन वाचून मला तर उलट वाटतं, की डॉल्बीवर जे ऐकू येतंय ते बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. पण मोडकडे वळण्याआधी एक दुसरा प्रश्न सोडवावा लागेल: रिसीव्हरपर्यंत नेमकं काय पोचतंय? घरोघरी जाऊन असे संच बसवणं आणि जुळवून देणं हेच माझं काम आहे. मोडची तक्रार म्हणून जे बोलावणं येतं, त्यात निम्म्याहून जास्त वेळा मोडला हात न लावता टीव्हीची किंवा प्लेअरची सेटिंग बदलून काम होतं.

काही गोष्टी इथे बसून मला दिसत नाहीत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे का, मागचे स्पीकर कानापासून किती लांब आहेत आणि ऐकायला एकटे बसता की चारजण, यावर उत्तराचा बराच भाग अवलंबून आहे. ५.१ मध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या पाच स्पीकर आणि एक सबवूफर या रचनेत, ज्यांना आपण ‘मागचे’ म्हणतो ते स्पीकर खरं तर बाजूला आणि किंचित मागे हवेत. समोरची दिशा ० अंश धरली तर साधारण ११० ते १२० अंशांवर. सोफा भिंतीला चिकटलेला असेल आणि स्पीकर कानाशेजारी हातभर अंतरावर असेल, तर कुठलाही मोड लावा, तो एकच स्पीकर कानात टोचत राहणार.

आता त्या नावांबद्दल. ती सगळी एका जातीची नाहीत. तीन निरनिराळी कामं एकाच बटणावर कोंबली आहेत. पहिलं काम डिकोडिंगचं. चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणात संवाद मधल्या स्पीकरला, पाऊस बाजूच्या स्पीकरना, स्फोटाचा खर्ज सबवूफरला असं आधीच ठरलेलं असतं. पत्रांवर पत्ते लिहिलेले आहेत, पोस्टमनने ती त्या त्या दारात टाकायची, एवढंच. डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस, ट्रूएचडी, डीटीएस, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ही सगळी अशा पत्ते घातलेल्या ध्वनीची नावं आहेत. ती तुम्ही निवडायची नसतातच. रिसीव्हर ती आपणहून ओळखतो, म्हणून एखाद्या दिवशी यादीत दिसतात आणि दुसऱ्या दिवशी गायब होतात. यादी बदलण्याचं कोडं तिथेच सुटतं.

दुसरं काम अपमिक्सिंगचं. इथे आलेला ध्वनी दोनच चॅनेलचा असतो, आणि पत्ता नसलेली पत्रं मजकुरावरून ताडून वाटायची असतात. रिसीव्हर डावं आणि उजवं चॅनेल सतत ताडून पाहतो. दोन्हींत तंतोतंत सारखं असेल ते मधल्या स्पीकरला पाठवतो. दोन्हींत असूनही ज्याची फेज उलटी आहे (एका चॅनेलमध्ये लहर चढते तेव्हा दुसऱ्यात उतरते) किंवा ज्याचं एकमेकांशी फारसं जुळत नाही, ते मागे पाठवतो. १९८७ साली आलेलं डॉल्बी प्रो लॉजिक हेच करायचं, पण मागच्या दोन्ही स्पीकरना एकच, मोनो आवाज द्यायचं. २००० सालच्या प्रो लॉजिक २ मध्ये मागे स्टिरिओ आला. २०१४ मध्ये डोक्यावरूनही आवाज ऐकवणारं घरगुती अ‍ॅटमॉस आलं तेव्हा या कामाच्या नव्या अवताराला ‘डॉल्बी सराउंड’ नाव दिलं. हे नाव आधी १९८२ च्या जुन्या घरगुती पद्धतीलाही होतं, त्यामुळे जुन्या पुस्तिका वाचून डोकं पिकवून घेऊ नका. डीटीएसकडे याच कामाला आधी निओ:६ होतं, आता न्यूरल:एक्स आहे.

तिसरं काम इफेक्टचं. हॉल, चर्च, जॅझ क्लब, स्टेडियम हे त्यातले. मूळ ध्वनीत नसलेला घुमारा आणि नसलेले पडसाद हे मोड वरून घालतात. मल्टी चॅनेल स्टिरिओ, काही कंपन्यांच्या भाषेत ऑल चॅनेल स्टिरिओ, हाही मी याच खणात टाकतो. तो घुमारा घालत नाही, पण प्रत्येक पत्राच्या झेरॉक्स काढून सगळ्या दारांत टाकतो. मागचे स्पीकर त्या मोडवर ‘जिवंत’ वाटतात ते यामुळेच.

आता रिसीव्हरपर्यंत काय पोचतंय ते बघू. रिमोटवर इन्फो किंवा स्टेटस असं बटण असेल, नाहीतर मेन्यूत सिग्नलची माहिती देणारं पान असेल. चित्रपट चालू असताना ते उघडा. तिथे येणाऱ्या ध्वनीचा प्रकार आणि चॅनेल दिसतात. ‘डॉल्बी डिजिटल ५.१’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल प्लस ५.१’ दिसलं तर पत्ते घातलेला ध्वनी येतोय. ‘पीसीएम २.०’ (पीसीएम म्हणजे डिकोड करायची गरज नसलेला साधा डिजिटल ध्वनी) दिसलं तर चित्रपट कितीही भारी असो, तुमच्यापर्यंत दोनच चॅनेल पोचतायत.

असं होण्याचं नेहमीचं कारण टीव्ही. अ‍ॅप टीव्हीच्या आतलंच असेल आणि आवाज एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे नेणाऱ्या एचडीएमआय केबलने येत असेल, तर टीव्हीच्या ध्वनी मेन्यूत ‘डिजिटल आउटपुट’ पीसीएमवर आहे का ते तपासा. असल्यास ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रूवर करा. प्रत्येक कंपनीचा शब्द वेगळा. साध्या एआरसीवरून डॉल्बी डिजिटल जातं, आणि टीव्हीने परवानगी दिली तर डॉल्बी डिजिटल प्लसही, म्हणजे स्ट्रीमिंगवरचं अ‍ॅटमॉसही. ट्रूएचडी किंवा ५.१ पीसीएम हवं असेल तर ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागतं. ऑप्टिकल केबलवर डॉल्बी डिजिटल ५.१, डीटीएस ५.१ किंवा दोन चॅनेलचं पीसीएम, यापलीकडे काही अपेक्षा ठेवू नका.

इन्फोच्या पानावर ‘मल्टी चॅनेल पीसीएम’ किंवा ‘मल्टी इन’ दिसलं आणि डॉल्बीचं नाव कुठेच नसलं, तरी घाबरू नका. काही स्ट्रीमिंग बॉक्स आणि गेमिंग कन्सोल डिकोडिंग स्वतःच उरकतात आणि रिसीव्हरला तयार चॅनेल देतात. आवाज योग्य स्पीकरमधूनच येतो, फक्त डिस्प्लेवरचा दिवा पेटत नाही. दिव्यासाठी सेटिंग बदलत बसणारे लोक मी पाहिलेत. माझ्या मते तो वेळ स्पीकरचा कोन नीट करण्यात घालवलेला बरा.

याच्या नेमकी उलटी अडचण चटकन लक्षात येत नाही, आणि तुमच्या ‘गप्प’ स्पीकरचं खरं कारण कदाचित तीच असेल. काही बॉक्समध्ये सगळा आवाज ५.१ म्हणूनच बाहेर पाठवण्याची सेटिंग असते. तुम्ही दोन चॅनेलचं गाणं किंवा जुनी मालिका लावता, बॉक्स ती ५.१ च्या पाकिटात भरतो, पण मध्य आणि मागचे चॅनेल रिकामेच राहतात. रिसीव्हरला दिसतं ५.१. त्याच्या दृष्टीने पत्ते आधीच घातलेले आहेत, म्हणून तो अपमिक्स करायला जात नाही. पाच स्पीकरच्या संचावर ५.१ आल्यावर डॉल्बी सराउंडला करण्यासारखं काही उरतच नाही. मग मल्टी चॅनेल स्टिरिओ आणि इफेक्टचे मोड सोडले तर कुठलाही मोड लावा, समोरचे दोनच वाजतात. उपाय मोडमध्ये नाही, बॉक्सच्या ध्वनी सेटिंगमध्ये आहे: ऑटो ठेवा, म्हणजे जे आहे ते जसंच्या तसं बाहेर येईल.

समजा हे सगळं ठीक आहे आणि डिस्प्लेवर ५.१ येतंय. मग चित्रपटाला साधा डिकोडिंगचा मोड लावा आणि हात बाजूला घ्या. त्याला कुठे ऑटो म्हणतात, यामाहावर स्ट्रेट, सोनीवर ए.एफ.डी. म्हणजे ऑटो फॉरमॅट डायरेक्ट. डेनॉन, मरांट्झवर मूव्ही बटणाखालच्या यादीत आलेल्या ध्वनीचंच नाव दिसतं.

आता मागचे स्पीकर. बहुतेक चित्रपटांत त्यांचं काम वातावरणाचं असतं: पाऊस, गर्दीची कुजबुज, खोलीचा घुमारा, पार्श्वसंगीताची कड. दोन माणसं बंद खोलीत बोलत असतील तर मागे जवळपास काहीच नसतं, आणि ते तसंच हवं. संवाद चालू असताना मागून सतत काही ऐकू आलं तर लक्ष पडद्यावरून उडतं. मग हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं, तेव्हा तेच गप्प स्पीकर एकदम जागे होतात. तो फरक टिकवायचा असेल तर ते एरवी शांत असायला हवेत.

मल्टी चॅनेल स्टिरिओवर हीच गोष्ट बिघडते. ५.१ चा ध्वनी त्या मोडमध्ये आधी दोन चॅनेलमध्ये गोळा होतो आणि मग तोच सगळ्या स्पीकरना वाटला जातो. हेलिकॉप्टर समोरही आणि मागेही, नायिका समोरही आणि तुमच्या पाठीशीही. त्यात कानाची एक खोड आड येते. एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर जो आधी पोचला त्याचीच दिशा खरी असं मेंदू ठरवतो. हेल्मुट हास यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस याचा अभ्यास केला, म्हणून याला हास परिणाम म्हणतात. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. जुळणीच्या वेळी रिसीव्हर अंतरं मोजून सगळे आवाज तुमच्या खुर्चीपाशी एकाच वेळी पोचतील अशी सोय करतो. पण ती एका जागेपुरती. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला शेजारच्या मागच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, आणि सगळा चित्रपट त्याच्या पाठीमागून चालल्यासारखा वाटतो.

मग तो मोड तुम्हाला भरदार का वाटतो? एक साधं कारण म्हणजे तो जास्त मोठ्याने वाजतो. व्हॉल्यूम तसाच ठेवून दोनाऐवजी पाच स्पीकर तेवढ्याच जोराने वाजले, तर एकूण आवाज ढोबळमानाने ४ डेसिबलने वाढतो. एवढी वाढ सहज ऐकू येते, आणि मोठा आवाज आपल्याला चांगला वाटतोच. म्हणून दोन मोडची तुलना करताना दुसऱ्यावर व्हॉल्यूम कमी करून दोन्ही सारखे ऐकू येतील असं करा, मगच ठरवा. फोनवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप एवढ्या कामाला पुरतं. माझ्या अनुभवात असं केल्यावर मल्टी चॅनेल स्टिरिओचा आग्रह धरणाऱ्यांपैकी बहुतेकांचं मत बदलतं. सगळ्यांचं नाही, आणि ज्यांचं बदलत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. घर त्यांचं आहे.

त्या मोडला जागा आहेच. घरात माणसं जमली आहेत, कोणी बसलेलं नाही, सगळे इकडून तिकडे फिरतायत, गाणी मागे वाजत राहायला हवीत. अशा वेळी दिशेला काही अर्थ नसतो, सगळीकडे सारखा आवाज हवा असतो. तिथे मी स्वतः हाच मोड लावून देतो.

जुने चित्रपट जरा वेगळे वागतात. मोनो असलेला चित्रपट बऱ्याचदा दोन्ही चॅनेलमध्ये एकच आवाज भरून येतो. त्यावर डॉल्बी सराउंड लावलं की सगळं मधल्या स्पीकरला जातं आणि बाकीचे गप्प बसतात. लोक म्हणतात पाचापैकी चार स्पीकर वाया गेले. पण मोनो चित्रपट पूर्वी पडद्यामागच्या एका जागेवरूनच ऐकू यायचा, त्यामुळे हे योग्यच आहे. शिवाय सोफ्यावर कुठेही बसलात तरी संवाद पडद्याच्या मधूनच येतात. स्टिरिओ मोडवर हाच चित्रपट ऐकलात आणि तुम्ही डावीकडे बसला असाल, तर सगळी पात्रं डाव्या स्पीकरमध्ये राहायला जातात.

गाण्यांचा प्रश्न चित्रपटापेक्षा अवघड आहे, कारण इथे एकच बरोबर उत्तर नाही. बहुतेक गाणी दोन स्पीकरसाठी मिसळलेली असतात, म्हणून प्रामाणिक मोड म्हणजे स्टिरिओ: समोरचे दोन आणि सबवूफर. तुम्ही एकटे, दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसून ऐकत असाल, तर माझी शिफारस हीच. गायक मधल्या रिकाम्या जागेत उभा राहतो, वाद्यं आपापल्या जागी पसरतात. त्यासाठी पाच स्पीकर लागत नाहीत.

तिघेचौघे बसून ऐकत असाल, तर मात्र डॉल्बी सराउंड लावून बघा. गायकाचा आवाज दोन्ही चॅनेलमध्ये सारखा असतो म्हणून तो मधल्या स्पीकरवर येतो, आणि टोकाला बसलेल्यालाही तो मधूनच ऐकू येतो. रेकॉर्डिंगमधला घुमारा, टाळ्या, दूरचे सूर मागे सरकतात. चांगल्या थेट मैफिलीच्या रेकॉर्डिंगवर हे फार सुंदर जमतं. स्टुडिओत कोरडं, एकेक वाद्य वेगळं घेऊन केलेल्या रेकॉर्डिंगवर कधी कधी एखादा सिंथेसायझर विनाकारण पाठीमागे जाऊन बसतो. अपमिक्सर अंदाजाने चालतो, तो चुकायचाच. एखाद्या गाण्यावर पटलं नाही तर स्टिरिओवर परत जा, मोडला नावं ठेवू नका.

अपमिक्सवर गाणी ऐकताना आणखी एक तक्रार येते: समोरचा पट आक्रसून सगळं मधल्या छोट्या स्पीकरमध्ये कोंबल्यासारखं वाटतं. यावर ‘सेंटर स्प्रेड’ नावाची सेटिंग बऱ्याच रिसीव्हरवर डॉल्बी सराउंडच्या आत असते, आणि ती मुळात बंद असते. गाण्यांसाठी चालू करा, चित्रपटांसाठी बंद. रिसीव्हर जुना असेल आणि त्यावर प्रो लॉजिक २ असेल, तर त्याचा म्युझिक हा उपप्रकार घ्या आणि ‘सेंटर विड्थ’ वाढवा, परिणाम तसाच.

डायरेक्ट आणि प्युअर डायरेक्ट या नावांची भुरळ पडते, पण त्यांचा अर्थ समजून घ्या. रिसीव्हरने मध्ये कमीत कमी ढवळाढवळ करायची. टोन कंट्रोल बंद, आणि बऱ्याच रिसीव्हरवर माइकने करून घेतलेली खोलीची दुरुस्तीही बाजूला. प्युअरमध्ये तर डिस्प्लेही विझतो. काही रिसीव्हरवर, खास करून अ‍ॅनालॉग इनपुटवर, स्पीकर आणि सबवूफर यांच्यातली खर्जाची वाटणीही होत नाही आणि सबवूफर गप्प होतो. समोर मोठे, उभे, पूर्ण खर्ज देणारे स्पीकर असतील आणि खोली चांगली असेल तर हा मोड ऐकण्यासारखा आहे. तुमच्यासारखे छोटे स्पीकर आणि सबवूफर असतील, तर ८० हर्ट्झच्या आसपासची वाटणी हाच त्या संचाचा कणा. ती काढून टाकून शुद्धता शोधण्यात मला काही हशील दिसत नाही.

बातम्या, चर्चा, मालिका: डॉल्बी सराउंड, आणि विसरून जा. बोलणारा मधल्या स्पीकरवर येतो, मागे क्वचित काही जातं. सामन्यांनाही हाच मोड चालतो. समालोचन समोर आणि प्रेक्षकांचा गलका आजूबाजूला पसरतो. यासाठी वेगळ्या स्टेडियम मोडची गरज नाही, स्टेडियम आधीच प्रक्षेपणात आहे.

संवाद नीट कळत नाहीत म्हणून मोड बदलणाऱ्यांना मला थोडं थांबवावंसं वाटतं. संवाद अस्पष्ट असण्याची कारणं बहुतेकदा तीन. मधला स्पीकर टीव्हीच्या खणात खोल ढकललेला असतो किंवा गुडघ्यांकडे रोखलेला असतो. तो फळीच्या कडेपर्यंत पुढे आणा आणि थोडा वर, कानाकडे कलता करा. दुसरं, त्याची पातळी कमी असते. चॅनेल लेव्हलमध्ये जाऊन १ ते ३ डेसिबल वाढवा. तिसरं कारण ध्वनीच्या चढउतारांत आहे. चित्रपट फार मोठ्या आवाजात ऐकायच्या हिशोबाने मिसळलेला असतो. त्या पद्धतीत मुख्य चॅनेलच्या सर्वोच्च ठोक्याला १०५ डेसिबलपर्यंत जागा ठेवलेली असते. आपण घरी त्याहून खूप हळू लावतो, मग कुजबुज ऐकूच येत नाही आणि ती ऐकू यावी म्हणून वाढवलं की स्फोटाने घर हलतं. रात्री हे चढउतार दाबणारी ‘डायनॅमिक रेंज’ची सेटिंग चालू ठेवा, काही रिसीव्हरवर तिला नाइट मोड म्हणतात. तो सराउंड मोडपेक्षा वेगळा असतो आणि त्याच्याबरोबर चालतो.

हळू आवाजात मागचे स्पीकर आणखीनच विरल्यासारखे वाटतात, हेही लक्षात ठेवा. ऑडिसी या कंपनीची आपोआप जुळणी असलेल्या रिसीव्हरवर डायनॅमिक ईक्यू नावाची सोय असते. व्हॉल्यूम खाली आणला की ती खर्ज आणि मागचे स्पीकर त्या मानाने थोडे उचलते. तुमची तक्रार रात्रीच्या ऐकण्याची असेल तर हे आधी चालू करून पाहा. गाण्यांवर खर्ज जास्त वाटला तर त्याच मेन्यूत संदर्भ पातळीची ० ते १५ अशी सेटिंग असते, ती वाढवा.

गेमचं थोडक्यात. कन्सोलच्या ध्वनी सेटिंगमध्ये तुमच्याकडे आहेत तेवढेच, म्हणजे ५.१ स्पीकर निवडा आणि रिसीव्हरवर साधा डिकोडिंगचा मोड ठेवा. हेडफोनसाठीचा ३डी ध्वनी चालू असेल तर तो स्पीकरवर ऐकताना बंद करा, नाहीतर दिशांचा खेळ दोनदा होतो आणि कुठलीच दिशा धड राहत नाही.

उरले हॉल आणि चर्चवाले. यांना मी सरसकट टाकाऊ म्हणत नाही. यामाहाने १९८६ मध्ये डीएसपी-१ हा ध्वनीवर प्रक्रिया करणारा संच काढला तेव्हा खऱ्या सभागृहांची मोजमापं घेऊन त्यांचे पडसाद घरात उभे करायचा तो गंभीर प्रयत्न होता, आणि त्यांच्या आजच्या मोडमागेही तीच परंपरा आहे. अडचण मोडची कमी आणि मालाची जास्त. आपण ऐकतो त्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये घुमारा आधीच घातलेला असतो. त्यावर दुसरा घातला की शब्द चिखलात रुततात. एखादं अगदी कोरडं, एका वाद्याचं रेकॉर्डिंग असेल तर हॉल लावून, इफेक्टची पातळी बरीच खाली आणून बघा, मजा येते. चित्रपटाला लावू नका. व्हर्च्युअल नावाचे मोड ज्यांच्याकडे मागचे स्पीकर नाहीत त्यांच्यासाठी. तुम्ही त्या वाटेला जायचं कारण नाही.

पुढे कधी छताजवळचे स्पीकर किंवा अगदी मागची जोडी जोडलीत, तर चित्र थोडं बदलेल. ५.१ ध्वनीवर डॉल्बी सराउंड किंवा न्यूरल:एक्स लावून तो जास्तीच्या स्पीकरवर पसरवता येतो, आणि तेव्हा चित्रपटालाही अपमिक्सर लावण्यात अर्थ असतो. काही रिसीव्हर डॉल्बीच्या ध्वनीवर डीटीएसचा अपमिक्सर लावू देत नाहीत. तो पर्याय दिसला नाही तर बिघाड समजू नका.

हे सगळं दर वेळी करावं लागत नाही. बहुतेक रिसीव्हर त्या त्या इनपुटला, आणि बरेचसे त्या त्या ध्वनिप्रकारालाही, शेवटचा मोड लक्षात ठेवतात. म्हणून एकदा दोन चॅनेलचा कार्यक्रम लावून डॉल्बी सराउंड निवडा, एकदा ५.१ चित्रपट लावून डिकोडिंग निवडा. डेनॉन, मरांट्झच्या रिमोटवर मूव्ही, म्युझिक, गेम अशी बटणं वेगळी आहेत आणि प्रत्येक बटण आपली शेवटची निवड जपतं. म्युझिकवर स्टिरिओ ठेवा, मूव्हीवर वरच्या दोन्ही निवडी. त्यानंतर दोन बटणांत रोजचा कारभार चालतो.

आणि मागच्या स्पीकरबद्दलची शंका मिटवायला आज हे करा. स्पीकर सेटअपमध्ये टेस्ट टोन असतो, तो एकेका स्पीकरमधून फिरवा. पाचही जवळपास सारखेच ऐकू आले तर तारा आणि पातळी ठीक आहेत, मागचे चित्रपटातही योग्यच वाजतायत. एखादा मुका किंवा मिणमिणता निघाला तर त्याची तार आणि अधिक-उणे टोकं पाहा. चमकणारी एक बारीक तार बाहेर राहून शेजारच्या टोकाला लागलेली असते बरेचदा. सगळं ठीक असूनही मागचं तुम्हाला कमीच वाटत असेल, तर चॅनेल लेव्हलमध्ये फक्त मागचे दोन स्पीकर १ किंवा २ डेसिबल वाढवा आणि आठवडाभर तसंच ठेवून ऐका. तरी नाही पटलं, तर चित्रपट चालू असताना इन्फोच्या पानावर काय येतंय, आवाज कुठल्या केबलने येतोय आणि सोफा मागच्या भिंतीपासून किती लांब आहे, एवढं कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.